व्हर्जिनिया ५४, यूएमबीसी ७४ : याला अपघात म्हणावे का?

नारिंगी-निळा | १७ मार्च २०१८

काल रात्री शार्लट येथे एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या, बास्केटबॉल स्पर्धेच्या पहिल्या फेरीत आमचा व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ यूएमबीसीकडून, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील संस्थेकडून, ५४-७४ असा हरला. अजून डोळ्याला डोळा लागलेला नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांचा या स्पर्धेशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अडुसष्ट संघ चार विभागांत वाटले जातात, प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकने असतात आणि पहिल्या मानांकिताची पहिली गाठ सोळाव्याशी पडते. १९८५ पासून काल रात्रीपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि त्यांतली एकही सोळाव्या मानांकिताने जिंकलेली नव्हती. शिवाय आम्ही चार पहिल्या मानांकितांमध्येही अव्वल होतो. हंगामात ३१ विजय आणि फक्त २ पराभव, एसीसी या आमच्या गटात १७-१ अशी कामगिरी, आणि मागच्याच शनिवारी ब्रुकलिनला नॉर्थ कॅरोलायनाला नमवून मिळवलेले गटाचे विजेतेपद, असा सगळा थाट होता.

मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. माझी पत्नी म्हणाली, "तुमचे लोक नेहमी असेच रडतखडत खेळतात ना?" ते खरेच असल्यामुळे मी निर्धास्त होतो. उत्तरार्ध सुरू होताच यूएमबीसीच्या जो शेरबर्नने बास्केट आणि त्यावर फाउलबद्दल मिळालेला फ्री थ्रो असे तीन गुण घेतले आणि पाठोपाठ बाहेरून एक थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांचा लांबचा फटका, टाकला. तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला, तो तसाच राहिला. पहाटे कप उचलला तेव्हा त्यावर जाड साय धरली होती. ज्या संघाने हंगामभर संपूर्ण सामन्यात सरासरी ५४ पेक्षा कमी गुण दिले, त्याने वीस मिनिटांत ५३ दिले.

सगळीकडे याला चमत्कार म्हटले जात आहे. माझे मत वेगळे आहे. २०१६ मध्ये अंतिम चारच्या उंबरठ्यावर सिरॅक्यूजविरुद्ध आम्ही उत्तरार्धात भली मोठी आघाडी घालवून हरलो. २०१७ मध्ये फ्लोरिडाने आम्हाला ६५-३९ असे झोडपले. आता हे. प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या पद्धतीत मागे पडल्यावर काय करायचे याचे उत्तरच नाही, असे मला वाटू लागले आहे. येथील जाणकारांची मते वाचायला आवडतील.

आकडेमोड | १७ मार्च २०१८

आपले दुःख समजते, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. यूएमबीसीने चोवीस थ्री-पॉइंटर मारले आणि त्यांतले बारा आत गेले. आपल्या संघाने बावीस मारले आणि चार गेले. बाहेरचे फटके दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते, पण त्यांवर त्यांना छत्तीस गुण मिळाले आणि तुम्हाला बारा. वीस गुणांच्या फरकाचा हिशेब या एका ओळीत लागून वर चार गुण उरतात. एखाद्या रात्री अशी उलटसुलट फासे पडणे अशक्य नसते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने मांडतो. व्हर्जिनिया देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एक आहे. तीस सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारण्यासाठीची मुदत, ते जवळजवळ पूर्ण वापरतात, त्यामुळे सामन्यात चेंडूचा ताबा कमी वेळा बदलतो. नाणे शंभर वेळा उडवले तर छापा-काटा जवळपास निम्मेनिम्मे येतात, दहा वेळा उडवले तर आठ-दोनही येऊ शकतात. बलवान संघाने सामना लहान करणे म्हणजे दुबळ्याच्या नशिबाला जागा करून देणे होय.

मध्यंतर | १७ मार्च २०१८

आमच्या कार्यालयात सर्वांनी स्पर्धेच्या निकालांबद्दल लावलेल्या अंदाजांमध्ये चाळीसपैकी बावीस जणांनी व्हर्जिनियाला विजेता ठरवले होते. आज सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी कोणी कोणाशी बोलत नव्हते. विश्लेषणाच्या प्रतीक्षेत आहे, वाचतो आहे.

कट्टेकरी | १७ मार्च २०१८

दिआंद्रे हंटरचे नाव कोणीच कसे घेतले नाही? एसीसी स्पर्धेत त्याचे डावे मनगट मोडले आणि सामन्याच्या तीन दिवस आधी तो बाहेर गेला. तो सुरुवातीच्या पाचांत नसे, परंतु गटातला सर्वोत्तम सहावा खेळाडू म्हणून त्याला गौरवले गेले होते ते उगाच नव्हे. सहा फूट सात इंचांचा हा मुलगा बुटक्या गार्डपासून उंच सेंटरपर्यंत कोणालाही अडवू शकतो.

नारिंगी-निळा | १७ मार्च २०१८

@कट्टेकरी, हंटर असता तर फरक पडला असता हे मान्य आहे, पण वीस गुणांचा? सहावा गडी गेला म्हणून उरलेले पाच जण सोळाव्या मानांकितासमोर हतबल होणार असतील, तर तो संघ अव्वल कसा ठरला, हा प्रश्न उरतोच.

@आकडेमोड, फाशांचे गणित पटते. मात्र ते बारा फटके कसे मारले गेले ते आपण पाहिले का? मारणाऱ्याच्या आसपास कोणी नव्हते. मोकळ्या माणसाने नेम साधला तर त्याला मी नशीब म्हणणार नाही.

रिट्रीव्हर | १८ मार्च २०१८

मी यूएमबीसीत एमएस करतो आहे. आमच्या विद्यापीठाची ख्याती बुद्धिबळाची आहे, देशातल्या विद्यापीठांत आमचा बुद्धिबळ संघ दबदबा राखून आहे. बास्केटबॉलचे नवे सभागृह गेल्याच महिन्यात उघडले आणि खरे सांगायचे तर आम्ही चौघे मराठी खोलीसोबती त्यात अजून एकदाही गेलेलो नाही.

शुक्रवारी रात्री आम्ही असाइनमेंट करत बसलो होतो. मध्यंतराला शेजारच्या खोलीतला एक अमेरिकन मुलगा दार ठोठावून म्हणाला की बरोबरी आहे, या. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यासमोर आम्ही नऊ जण दाटीवाटीने बसलो. जायरस लाइल्सने उत्तरार्धात एकट्याने तेवीस गुण केले, एकूण अठ्ठावीस. आमच्यातल्या एकाला थ्री-पॉइंटरची रेषा कुठे असते हेही माहीत नव्हते, पण शेवटची पाच मिनिटे तोच सर्वांत मोठ्याने ओरडत होता. नंतर मध्यरात्री पोहे केले, तेही खाली सांडले.

आमच्या आवारात रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्याचा, म्हणजे संघाच्या शुभचिन्हाचा, धातूचा पुतळा आहे. परीक्षेला जाताना विद्यार्थी त्याचे नाक घासतात, त्यामुळे बाकीचे अंग काळपट आणि नाक तेवढे लखलखीत आहे. शनिवारी सकाळी त्या नाकासाठी रांग लागली होती.

नारिंगी-निळा यांना एवढेच सांगतो की एकतर्फी पराभव आम्हालाही नवा नाही. याच जानेवारीत आम्ही ऑल्बनीकडून ३९-८३ असे हरलो होतो. चव्वेचाळीस गुणांनी! व्हर्माँटशी सलग तेवीस लढती हरलो होतो, मग दहा मार्चला लाइल्सने शेवटच्या क्षणी टाकलेल्या फटक्याने त्यांना त्यांच्याच घरी ६५-६२ असे हरवून येथवर आलो.

फळीबाहेर | १८ मार्च २०१८

मी नागपूरला महाविद्यालयाच्या संघात खेळलो आणि येथे मुलांना आठवड्यातून दोन दिवस शिकवतो, तेवढ्या अधिकाराने लिहितो. शनिवारी पूर्ण चित्रण दोनदा पाहिले.

बेनेट यांचा बचाव 'पॅक-लाइन' म्हणून ओळखला जातो आणि तो त्यांचे वडील डिक बेनेट यांनी रुजवला. बास्केटपासून साधारण सोळा फुटांवर एक काल्पनिक रेषा धरायची. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यावर एक जण तुटून पडतो, उरलेले चौघे त्या रेषेच्या आत सरकून उभे राहतात. कोणी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, आत घुसला की तो गर्दीत सापडतो आणि चेंडू बाहेर देण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. चेंडू बाहेर गेला की आतला बचावपटू धावत जाऊन आपला गडी गाठतो. सारा खेळ या धावण्यावर आहे. एक पाऊल उशीर झाला की समोरच्याला मोकळा फटका मिळतो.

आता के. जे. मौराकडे पाहा. प्वेर्तो रिकोचा हा गार्ड पाच फूट आठ इंचांचा असून वजन साठ-पासष्ट किलोच्या आसपास, उभा राहिला की संघासोबत आलेला धाकटा भाऊ वाटावा. त्याला बास्केट करण्याची घाई नव्हती. तो आत शिरायचा, व्हर्जिनियाचे तीन जण त्याच्याकडे वळायचे, तो तसाच ड्रिबल करत बास्केटखालून पलीकडे निघून जायचा आणि मग चेंडू कोपऱ्यात फेकायचा. म्हणजे बचावाला एकदा आत, मग त्याच्या मागे वळून पाठमोरे आणि शेवटी बाहेर अशी तिहेरी पळापळ करावी लागत होती. यूएमबीसीचे बाहेर उभे असलेले सगळेच नेमबाज असल्यामुळे सोडायचे कोणाला हा पेच होता. सहा फूट दहा इंची जॅक सॉल्ट आत भिंतीसारखा उभा राहतो, पण त्याला बाहेर धावायला लावले की तीच भिंत जड पडते.

येथेच कट्टेकरींचा मुद्दा लागू होतो. असा प्रतिस्पर्धी समोर आला की एका उंच गड्याला बसवून हंटरला आत आणायचे, हा व्हर्जिनियाचा ठरलेला तोडगा होता, कारण तो आतही लढतो आणि बाहेरही वेळेवर पोहोचतो. हंगामभरात तयार केलेले कुलूप होते, त्याची किल्लीच घरी राहिली. त्याचे सरासरी गुण किती होते हा हिशेब येथे कामाचा नाही.

आक्रमणाबद्दल मात्र मी धागाकर्त्याशी सहमत आहे. बारा-चौदा गुणांनी मागे पडल्यावर, एरवी पंचवीस सेकंद चेंडू फिरवून नेमका फटका शोधणारी मुले दहाव्या सेकंदाला बाहेरून फेकू लागली. काइल गाय आणि टाय जेरोम यांनी प्रत्येकी पंधरा गुण केले, पण ते दोघे एकेकटे लढत आहेत असे वाटत होते. घाईत खेळण्याचा सराव नसलेल्याने घाई केली की असेच होते.

जुना पाहुणा | १८ मार्च २०१८

मी या देशात १९७९ साली आलो. व्हर्जिनियाच्या वाट्याला असा दिवस पूर्वीही आला आहे. २३ डिसेंबर १९८२ रोजी होनोलुलू येथे शॅमिनाड या चिमुकल्या महाविद्यालयाने त्यांना ७७-७२ असे हरवले होते. तेव्हा व्हर्जिनिया देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि सात फूट चार इंची राल्फ सँपसन त्यांच्याकडे होता. तो पराभव मुख्य भूमीवरच्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळला आणि अनेकांना तो छपाईचा दोष वाटला. आजच्या मुलांच्या नशिबी तेवढाही आडोसा नाही.

दुसरी एक आठवण याला जोडून येते. यूएमबीसीचे प्रशिक्षक रायन ओडम यांचे वडील डेव्ह ओडम ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियाचे सहायक प्रशिक्षक होते आणि लहानगा रायन तेव्हा शार्लट्सव्हिलला, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावी, सामन्यांत चेंडू आणून देणाऱ्या मुलांपैकी एक होता. घरच्याच पोराने ही वेळ आणली म्हणायची!

आणि स्त्रियांच्या स्पर्धेत हे वीस वर्षांपूर्वीच घडून गेले आहे, याचाही विसर पडू नये. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकित हार्वर्डने स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असे हरवले होते.

रिट्रीव्हर | १९ मार्च २०१८

काल कॅन्सस स्टेटकडून आम्ही ४३-५० असे हरलो. या वेळी सभागृहात जाऊन पडद्यावर पाहिले. उद्या असाइनमेंट द्यायची आहे.

नारिंगी-निळा | १९ मार्च २०१८

फळीबाहेर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग मीही तो सामना पुन्हा पाहण्याचा धीर केला. हंटरविषयीचे माझे पहिले उत्तर मागे घेतो. आक्रमणाविषयीचे मागे घेत नाही.

सामन्यानंतर बेनेट यांनी कोणतीही सबब पुढे न करता समोरच्यांनी आम्हाला सरळसरळ मारले असे कबूल केले, याचे येथे गावात कौतुक होत आहे. मला त्या सभ्यतेचा थोडा राग आला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

नारिंगी-निळा | ९ एप्रिल २०१९

धागा वर काढतो आहे, कारण काढणे भाग आहे. काल रात्री मिनिआपोलिस येथे व्हर्जिनियाने टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मनगट बरे झालेल्या हंटरने सत्तावीस गुण केले आणि अखेरची बारा सेकंदे उरली असताना बरोबरी साधणारा थ्री-पॉइंटरही त्याचाच होता.

पहिल्या फेरीत गार्डनर-वेब या सोळाव्या मानांकिताविरुद्ध आम्ही चौदा गुणांनी मागे पडलो होतो. त्या दहा मिनिटांत मी घराबाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. शेवटी ७१-५६ असे जिंकलो. मग पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या क्षणी मामादी दियाकितेने सामना जादा वेळेत नेला आणि ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना काइल गायने तीन फ्री थ्रो घालून ६३-६२ असा विजय मिळवला. गेल्या वर्षी मी येथे लिहिले होते की या पद्धतीत मागे पडल्यावरचे उत्तर नाही. ते लिखाण मी संपादित करणार नाही, राहू दे तसेच.

आकडेमोड | ९ एप्रिल २०१९

अभिनंदन! तरीही पथ्य म्हणून सांगतो की ऑबर्नविरुद्ध जेरोमचा दुहेरी ड्रिबल (हातात धरलेला चेंडू पुन्हा आपटण्याचा नियमभंग) पंचांनी पाहिला असता तर आज हा धागा वेगळ्या कारणाने वर आला असता. नाणे या वर्षी तुमच्या बाजूने पडले. दोन्ही वर्षी नाणेफेकी तेवढ्याच कमी होत्या.

फळीबाहेर | १० एप्रिल २०१९

नाण्यापलीकडेही काही बदलले आहे. बचाव तोच आहे, पण आक्रमणात बेनेट यांनी या वर्षी बॉल-स्क्रीनवर, म्हणजे चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट सहकाऱ्याने अडवण्यावर, आधारलेली रचना मोठ्या प्रमाणात वापरली. तिच्यामुळे गाय, जेरोम आणि हंटर यांना स्वतः संधी निर्माण करण्याची मोकळीक मिळाली. मागे पडल्यावर काय करायचे याचे उत्तर मला तेथे दिसते. आणि मौराने ज्यांना नाचवले त्यांच्याच संघात या वर्षी पाच फूट नऊ इंची किहेई क्लार्क चेंडू हाताळत होता. दियाकितेच्या त्या फटक्यासाठी लांबवरून चेंडू त्यानेच दिला.

कट्टेकरी | २० मार्च २०२४

डेटन येथे व्हर्जिनिया कोलोरॅडो स्टेटकडून ४२-६७ असा हरला. पूर्वार्धात अवघे चौदा गुण. हा धागा शोधत होतो, पाचव्या पानावर सापडला. नारिंगी-निळा, आहात का?

नारिंगी-निळा | २१ मार्च २०२४

आहे. या वेळी चहा केलाच नव्हता.

२०१८ चा पराभव वीस गुणांचा आणि हा पंचवीसचा, पण त्याची तेवढी बोच नाही, कारण आम्ही मुळात मुख्य फेरीत जेमतेम प्रवेश मिळवण्यासाठी खेळत होतो. अपेक्षा जितकी उंच तितका आपटण्याचा आवाज मोठा. खेळाविषयी म्हणाल तर २०१९ च्या संघाकडे मोडलेल्या चालीतूनही गुण काढणारे तीन गडी होते, तिघेही त्याच वर्षी एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले. आताच्या संघाचा बचाव तेवढाच चिवट आहे, पण चाल फसली की त्यांच्याकडे कोणी नाही. म्हणजे माझे २०१८ चे म्हणणे पद्धतीला लागू नव्हते, माणसांना होते. सहा वर्षे लागली हे कळायला.

मध्यंतर | १९ ऑक्टोबर २०२४

टोनी बेनेट यांनी काल, हंगाम तोंडावर आला असताना, निवृत्ती जाहीर केली. खेळाडूंना मिळणारे पैसे आणि दरवर्षी संघ बदलण्याची मुभा या नव्या व्यवस्थेला आपण योग्य माणूस नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. व्हर्जिनियात पंधरा हंगामांत ३६४ विजय, हा तेथील विक्रम आहे. डेटनचा तो सामना त्यांचा अखेरचा ठरला.

जुना पाहुणा | १९ ऑक्टोबर २०२४

२०१८ च्या रात्रीची त्यांची पत्रकार परिषद मला आजही आठवते. नारिंगी-निळा यांना तेव्हा त्या सभ्यतेचा राग आला होता.

नारिंगी-निळा | २० ऑक्टोबर २०२४

आला होता. आता तीच सर्वांत आधी आठवते.

रिट्रीव्हर | २५ मार्च २०२५

पदवी घेऊन नोकरीत स्थिरावलो आहे, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी येथे येतो आहे. बातमी आपण सर्वांनी वाचली असेलच. आमचे रायन ओडम, मध्ये युटा स्टेट आणि व्हीसीयू (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) असा प्रवास करून, आता व्हर्जिनियाचे मुख्य प्रशिक्षक झाले आहेत. ज्यांनी तुम्हाला तो दिवस दाखवला त्यांच्याच हाती तुम्ही घर सोपवले! आता मी तुमच्या संघाला पाठिंबा देऊ शकतो का, की जुना हिशेब बाकी आहे?

फळीबाहेर | २५ मार्च २०२५

ओडम यांचा खेळ बेनेट यांच्यापेक्षा वेगवान आहे आणि बाहेरच्या फटक्यांवर भर देणारा आहे. आकडेमोड यांच्या नाण्याला आता भरपूर काम मिळेल.

नारिंगी-निळा | २६ मार्च २०२५

@रिट्रीव्हर, हिशेब २०१९ मध्येच चुकता झाला, अवश्य या. नोव्हेंबरातल्या पहिल्या घरच्या सामन्याला आलात तर पोहे आमच्याकडे होतील. अडचण एकच आहे. आमच्या आवारात नाक घासण्याजोगे कुत्रे नाही. हिरवळीवर होमर कवीचा पुतळा आहे खरा, पण तो चौथऱ्यावर बसलेला असल्यामुळे त्याच्या नाकापर्यंत माझा हात पोहोचत नाही. मी परवाच जाऊन पाहून आलो.